कडबाकुट्टीचं इंग्रजी

अजूनही कुठल्या कागदावर 'झाकण उघडा' असं छापलेलं दिसलं की माझे दोन्ही हात आपोआप पदराखाली जातात. कुकरच्या पत्रकावर दिसलं तरी जातात. नात हसते. तिला वाटतं, आजी नाटक करतेय. आजी नाटकं करते यात काही खोटं नाही, पण हे नाटक नव्हे. अंग एकदा भ्यालं की भ्यालं, त्याला मागून कितीही समजावा.

झालं ते उमरग्याला, हायवेच्या कडेला, माझ्या पुतण्याच्या शेडमध्ये. तो कडबाकुट्टीची मशीनं बनवतो. जनावरापुढं कडबा, म्हणजे ज्वारीची वाळकी लांब ताटं, आख्खा टाकला की निम्मा पायाखाली जातो, म्हणून तो बारीक करून टाकायचा. ते बारीक करणारं हे मशीन. एका बाजूनं पेंढी सारायची, आत रोलर ती ओढून घेतात, पुढं जड लोखंडी चाक, चाकावर पाती, आणि पलीकडून कुट्टी उडते. मशीन साधं आहे. पाती साधी नाहीत. आमच्या भागात एखाद्या माणसाच्या शर्टाची बाही कोपराच्या खाली रिकामी लोंबताना दिसली, तर काय झालं म्हणून कुणी विचारत नाही.

तेव्हा मी लोहाऱ्याच्या शाळेतून नुकतीच रिटायर झाले होते. जन्मभर इंग्रजी शिकवलं. नुकतीच आजीही झाले होते, म्हणजे आजच्या मानानं तरुणच. त्या तरुण बाईचा तोरा काय सांगू! बँकेत चेकबुक मागायचं तर त्या अर्जातसुद्धा वेलबुट्टी काढायची. मॅनेजर अर्ज दोनदा वाचायचे आणि हिला वाटायचं, आवडला म्हणून वाचतायत.

पुतण्याला हैदराबादच्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली. मशीनं आफ्रिकेत जाणार होती आणि प्रत्येकाबरोबर इंग्रजीत माहितीपुस्तिका हवी होती.

"काकू, तुमीच लिव्हा," पुतण्या म्हणाला. "घरात इंग्रजीची खाण आस्ताना भाईर कशाला जाऊ?"

खाण म्हटल्यावर बाई फुगल्या. लिहायला बसल्या. पहिलंच वाक्य अर्धं पान चाललं. सन्माननीय चालकास नम्र विनंती करून निघालेलं ते वाक्य पशुधन, यंत्रयुग आणि मानवी श्रमांची प्रतिष्ठा असं गावोगाव उतरत मोटारीच्या बटणाशी पोचायचं. तोवर चालक बिचारा झोपला असता. आमचे हे चष्मा पुसत म्हणाले, "छान आहे. मशीन कशाचं आहे तेवढं कुठंतरी येऊ दे."

व्यापाऱ्याचा फोन आला. मोठा अदबशीर माणूस.

"मॅडम, मशीन को ढक्कनां कित्ते हैं?"

"एक," मी म्हटलं.

"तो फिर कागज पे पाँच कैसे आये जी?"

मी कागद पाहिला. खरंच, चाकावरच्या त्या एका झाकणाला मी कुठं कव्हर म्हटलं होतं, कुठं लिड, कुठं गार्ड, कुठं हूड आणि एका ठिकाणी तर चक्क शील्ड. तोच शब्द पुन्हा वापरला की मी मुलांचे मार्क कापायची. आता माझेच कापले गेले.

"उधर भी अंग्रेजी किसी के घर की जबान नहीं है, मॅडम," तो म्हणाला. "इस्कूल में थोडी सीखे सो लोगां हैं. उनको समझना."

त्यानं नियम पाठवले. असं आखून दिलेलं साधं इंग्रजी जगभर मशीनच्या पुस्तकांत चालतं, हे मला तेव्हा प्रथम कळलं. एका वस्तूला एकच शब्द, तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. वाक्य आखूड ठेवायचं. एका वाक्यात एकच काम सांगायचं. करावे, केले जावे असलं आडून बोलायचं नाही, सरळ 'कर' म्हणायचं. आणि धोक्याची सूचना त्या कामाच्या आधी लिहायची. न ऐकलं तर काय होईल तेही स्पष्ट सांगायचं.

मी दोन दिवस रागानं जेवले नाही. म्हणजे शेवया खाल्ल्या, पण रागानं खाल्ल्या. हे असलं इंग्रजी पाचवीतलं पोरगं लिहील, म्हणून मी घरभर सांगत फिरले. मग लिहायला बसले तर पाचवीतल्या पोरासारखं एक वाक्य जमेना. सगळी झालर कापून टाकल्यावर खाली काहीच उरत नाही, अशी माझी बरीच वाक्यं निघाली. तरी हट्टानं लिहीत गेले आणि हळूहळू गोडी लागली. मोटार चालू करा. पेंढी सारा. हात रोलरपासून लांब ठेवा. वाचताना ठेका येई.

एक नियम मात्र मी मानला नाही. धोक्याच्या सूचना मी कामाच्या आधी लिहिल्या नाहीत. सगळ्या गोळा केल्या आणि शेवटच्या पानावर सुंदर चौकटीत बसवल्या. कारण काय? तर पाठ्यपुस्तकात धडा आधी असतो आणि टिपा धड्याच्या खाली. उभा जन्म तसंच शिकवलं होतं. मध्येच टीप घातली की धड्याचा ठेका मोडतो, असं त्या बाईंचं मत होतं. मोटार बंद केल्यावरही चाक फिरत राहतं, ही सूचना त्या चौकटीत होती. तीही मी 'गंभीर इजा संभवते' अशा थाटात लिहिली होती.

छापण्याआधी व्यापाऱ्याची एक अट होती. मशीनला कधी हात न लावलेल्या माणसाला पुस्तिका द्यायची. त्यानं एक ओळ वाचायची, तेवढंच करायचं, मग पुढची ओळ. लिहिणाऱ्यानं समोर उभं राहायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. वाचणाऱ्यानंही कुणाचं ऐकायचं नाही, फक्त कागदाचं ऐकायचं.

उमरग्यात मशीनला हात न लावलेला माणूस शोधायला गेलं तर मिळेना. मग घरातच मिळाला. माझी सून तुळजापूरची, कारकुनाच्या घरातली. गाय तिनं देवळापुढं पाहिलेली. इंग्रजी कामापुरतं येत होतं.

"मी करते," ती म्हणाली. "सासूबाईंचा पेपर तपासायला परत कधी मिळायचा? आई, नापास झालात तर कुणाला सांगणार न्हाय बघा. फक्त माहेरी सांगेन."

दुपारी शेडवर गेलो. मी नात मांडीवर घेऊन पत्र्याच्या सावलीत खुर्चीवर बसले. सात-आठ महिन्यांची होती, माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. पुतण्या मेन स्विचपाशी उभा राहिला. "मी हितं हाय, काय भ्या न्हाय," तो म्हणाला. आम्हाला सगळ्यांना भीती होती ती करंटची. स्विचवर माणूस उभा केला आणि आम्ही निर्धास्त झालो. चाकाला स्विचशी काही देणंघेणं नसतं, हे त्या क्षणी कुणाच्याच मनात आलं नाही.

सुनेनं ओढणी कमरेला गच्च बांधली, कडब्याची एक पेंढी उचलली आणि वाचायला लागली. एक ओळ, एक काम. मशीन घरघरलं, कुट्टी उडाली. माझी छाती अशी फुगली म्हणता! आफ्रिकेतल्या गायीसुद्धा आता माझं इंग्रजी वाचून चारा खाणार, असं वाटलं.

मग 'वैरण अडकल्यास' हे पान आलं. पुतण्यानं मुद्दाम जाड पेंढी बांधून ठेवली होती, ती सुनेनं सारली. रोलर कुंथून थांबले. सुनेनं वाचलं, मोटार बंद करा. तिनं केली. घरघर गेली आणि एकदम शांत वाटलं. त्यात हायवेवरून एकामागं एक ट्रक चालले होते, त्यांच्या आवाजात चाकाची बारीकशी घुमघुम बुडून गेली. तिनं पुढचं वाचलं, कव्हर उघडा. खिटी ओढली, झाकण वर केलं.

आत चाक दिसत होतं. दिसत होतं म्हणजे दिसतच नव्हतं. जोरात फिरणारं पातं दिसत नाही, नुसता करडा काळोख दिसतो, रिकामी जागा असल्यासारखा. मला माहीत होतं तिथं काय आहे. मीच लिहिलं होतं, शेवटच्या पानावर, सुंदर चौकटीत.

पुढची ओळ मला पाठ होती. अडकलेली वैरण हातानं काढा.

मी ओरडायला गेले. तीस वर्षं वर्गात ओरडलेला गळा, पण आवाज आला नाही. उन्हाळ्यातल्या नळासारखा नुसता वारा आला. मांडीवर पोर असताना उठता येईना, तिला टाकता येईना. सून ओळ वाचत होती. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. डाव्या हातात कागद, उजव्या हातात कडब्याचं एक ताट तसंच राहिलेलं. तो हात वर झाला.

"थांब!" कसाबसा आवाज फुटला.

आणि ती थांबली नाही. तिनं मान तेवढी वळवली आणि हसून म्हणाली, "आई, बोलायचं न्हाय ठरलंय!"

तिचं बरोबर होतं. कुणाचं ऐकायचं नाही, हे आम्हीच तिला सांगितलं होतं. ती माझ्याकडं बघत हसत होती आणि हात आपला आत जात होता.

खट्ट असा आवाज झाला.

मी डोळे मिटले. आजवर किती गोष्टींना भ्याले, विंचवाला, अंधाराला, निकालाच्या दिवसाला. त्या सगळ्या भित्या एकत्र केल्या तरी त्या मिटलेल्या डोळ्यांमागचं काही त्यांत बसणार नाही. उघडायला धीर होईना. ट्रक गेला. मग पुतण्याचा आवाज आला, "वहिनी! ओ वहिनी!"

डोळे उघडले. सून दोन पावलं मागं उभी होती. हातातलं ताट अर्धं झालं होतं, अगदी मुठीजवळ, सुरीनं कापावं तसं सरळ. ताटाचं टोक आधी पोचलं म्हणून. ती त्या तुकड्याकडं बघत होती. मग तिनं तो खाली टाकला, हात तोंडासमोर धरला आणि बोटं एकेक करून हलवून पाहिली. माझ्या मांडीवरचं पोर त्या खट्ट आवाजाला खुदखुदून हसलं आणि तेवढ्यानं मला रडू फुटलं.

सुनेनं येऊन लेक उचलून घेतली. मी तिचा उजवा हात धरून बसले, सोडवेना.

"आई, सोडा. पोरीला घाम लागतोय तुमचा."

"तू कागद शेवटपर्यंत वाचून मग का नाही..." मी म्हटलं. बघा, तशातही मास्तरीणच!

"एक ओळ वाचायची, तेवढंच करायचं, असं तुम्हीच सांगितलं की," ती हळू म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुतण्यानं झाकणाची ती खिटी त्याच दुपारी काढून टाकली आणि तिथं लांब बोल्ट बसवला. पान्यानं फिरवून काढेपर्यंत वेळ जावा म्हणून. "कागुद कुनी वाचला न्हाय तरी ह्यो वाचावाच लागंल," म्हणाला.

मी चौकट फोडली. चाकाची सूचना उचलून कव्हर उघडण्याच्या ओळीच्या वर आणली, जाड अक्षरात. गंभीर इजा संभवते, हे खोडलं. हात तुटतो असं लिहायचं होतं. तीन शब्दांचं इंग्रजी वाक्य, पण लिहिताना पेन टेकवेना. प्रत्येक वेळी ते कापलेलं ताट दिसे. मोटार बंद झाली तरी चाक फिरतं. ते हात तोडतं. चाक थांबेपर्यंत थांबा. एवढं लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागली आणि त्यात एकही फूल नव्हतं.

पुन्हा चाचणी करायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "आता मीच करते."

"तुम्ही लिहिलंय. तुम्हाला येतंच," सून म्हणाली. "त्याचा काय उपयोग? मला अजून मशीन येत न्हाय. मीच करणार."

"मला जमणार नाही गं बघायला."

"मग डोळे मिटा. पण तोंडही मिटा."

या वेळी नात घरी ठेवली होती. मी खुर्चीवर बसलेच नाही, पत्र्याच्या खांबाला धरून उभी राहिले. जाड पेंढी अडकली. सुनेनं वाचलं, मोटार बंद केली. घरघर गेली. पुन्हा ती तसलीच शांतता, पुन्हा ट्रक. तिनं कागदावर बोट ठेवून पुढची ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. कागद बगलेत धरला, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि चाकाबरोबर बाहेर फिरणाऱ्या पुलीकडं बघत उभी राहिली.

चाक फिरतच होतं. इतका वेळ फिरतं ते? मला वाटलं, आता ही कंटाळेल. आता हात सोडेल. आता पान्याला हात घालेल. पुलीवरचा पांढऱ्या रंगाचा ठिपका आधी दिसत नव्हता, मग दिसायला लागला, मग सावकाश वर यायला आणि खाली जायला लागला.

"अजून फिरतंय," ती स्वतःशीच म्हणाली.

ठिपका वर आला, अडखळला, थोडा मागं सरला आणि राहिला. तिनं आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग पाना घेतला, बोल्ट काढला, झाकण उघडलं, वैरण ओढून काढली आणि हात वर करून मला दाखवला. आख्खा.

पुतण्यानं सुस्कारा सोडला. "मग छापायला टाकू का, काकू?"

तो कागद समुद्रापलीकडं जाणार होता. तिथं कोण तो वाचणार, कुणाची सून, कुणाचा लेक, मला कधीच कळणार नव्हतं. आणि ओरडायला तिथं कुणी खांबाला धरून उभं नसणार.

"अजून एकदा कर," मी सुनेला म्हटलं.

"आई, वैरण संपली."

"मग जळकोटहून मागव," मी पुतण्याला म्हटलं.

त्यानं फोन काढला.