लगीनगड्याची नात

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीतच सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण गोडाऊनमधल्या त्या बाईबद्दल कुठंतरी लिहून ठेवावं असं वाटतं, कारण बोलायला माझी जीभ उचलत नाही. आता ती तिथं नाही. काम सोडून गावी गेली.

नवीन माणूस दिसला की ती पदर कानामागं खोचायची आणि विचारायची, “तुमच्याकडं जव्हारकडचं जोडपं व्हतं का वो, राबायला?” ट्रकचा ड्रायव्हर बिहारचा, तरी त्यालाही विचारून झालेलं. ती दिसली की तो डबा उचलून दुसरीकडं जेवायला बसायचा. सुपरवायझर म्हणायचा, “मावशी, पार्सल का पता देखो, आदमी का नहीं.”

“पार्सलावर पत्ता चिकटवलेला असतो रे बाबा,” ती म्हणायची. “माझ्या आज्यावर कुनी चिकटवलाच न्हाय.”

भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या त्या गोडाऊनमध्ये आम्ही दोघी एकाच टेबलावर पॅकिंग करायचो. तुम्ही तिला पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, बाई जरा सरकलेली आहे. मलाही तसंच वाटे. खोक्याला टेप मारता मारता ती आजाआजीबद्दल असं बोले, जणू कालच भेटून आलीय. खरं तर तिच्या वडिलांनीही त्यांना धड पाहिलेलं नव्हतं. तिला सगळं वडिलांनी सांगितलेलं, आणि वडिलांना त्यांच्या मामानं.

आज्याच्या लग्नाला पैसे नव्हते. भिवंडीकडच्या एका शेतकऱ्यानं खर्च दिला. त्याच्या बदल्यात नवराबायको दोघांनी पैसे फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबायचं, नुसत्या पोटावारी. अशा माणसाला आमच्या भागात लगीनगडी म्हणत. मूल झालं ते दोघांनी आजोळी नेऊन ठेवलं, “फिटलं की न्यायला येतो” म्हणाले आणि परत खाली भिवंडीकडं उतरले. ते मूल म्हणजे तिचे वडील. त्यांना न्यायला कुणी आलं नाही.

आता वडील थकले होते. आईबापाला घरच्या पूर्वजांत बसवावं आणि मग डोळे मिटावेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण कर्जातला गडी मेला तरी धन्याच्याच घरचा, असं ते धरून बसलेले. आधी फिटलं का ते कळायला हवं. म्हणून लेक सुट्टीच्या दिवशी काल्हेरपासून पुढची गावं पालथी घालायची आणि दिसेल त्या म्हाताऱ्याला विचारायची.

मला मात्र तिनं कधीच विचारलं नव्हतं. माझ्यासारख्या मजूर बाईच्या घरी कुठून गडी असणार?

एकदा ती म्हणाली, “आजी एका कानानं बहिरी व्हती. म्हनून गाताना मोठ्यानं गायची.”

माझा हात थांबला. नातवंडं दंगा करू लागली की माझ्या सासूबाई ओरडतात, “काय त्या बहिरीवानी बोंबलता रे!” ही बहिरी कोण, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन विचारलं.

“कोन म्हंजे? आपली गडीन गो,” सासूबाई म्हणाल्या. “मामंजींनी तिच्या नवऱ्याचं लगीन लावून दिल्यालं. लय गुनाची. लावनीला गायला लागली का खाडीपलीकडं ऐकू जायचं.”

“मग पैसे फिटले का त्यांचे?”

“फिटतात कसले! कुनी फिटू देत व्हतं का?” त्या हसल्या. मग माझं तोंड पाहून त्यांनी हसू आवरलं.

आमचे हे आतून म्हणाले, “तिला काही सांगू नकोस. आज आजा शोधते, उद्या जमीन मागायला येईल.” जमीन विकून, पैसे उडवून कितीतरी वर्षं झाली. मी दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये खोकी भरते. पण ती भीती काही विकली गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर मान खाली घालून तिला सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. तिनं माझं मनगट धरलं.

“आजा डावखुरा व्हता का?”

“ते विचारायचं राहिलं.”

“मग चल, आज सुटल्यावर येते.”

संध्याकाळी ती आमच्या घरी आली. खुर्ची दिली तरी ओट्यावरच बसली. सासूबाईंनी तिला निरखून पाहिलं. “कपाळ त्याचंच हाय,” म्हणाल्या. तिनं पहिलं डाव्या हाताचंच विचारलं. “डावखुरा तर! इळा उलटा चालवायचा. बाजूला कापनीला बसायला मानसं भ्यायची.” ती लहान मुलीसारखी हसली. मग सासूबाईंनी सांगितलं, एका पावसाळ्यात तापानं आधी गडीन गेली, मागोमाग तिचा नवरा. खाडीच्या कडेला पुरलं. आता तिथं ट्रक वळतात.

हे आत टीव्हीचा आवाज वाढवून बसले होते.

“लग्नाला किती दिले व्हते, आजी?” तिनं सासूबाईंना विचारलं.

“ऐंशी रुपये. आनि एक लुगडं.”

“ताई,” मी म्हटलं, “मरेपर्यंत राबली ती दोघं. देणं आमच्याकडं निघतं.”

“तुमचं तुमी बघा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यानं जास्त लागलं. “माझ्या बापाला या घरच्या तोंडून ऐकायचं हाय.”

तिनं वडिलांना फोन लावला, स्पीकर चालू करून ओट्यावर ठेवला. कमरेच्या पिशवीतून ऐंशी रुपये काढून सासूबाईंच्या हातात दिले. लुगड्याची म्हणून वर पाचशेची नोट ठेवली. सासूबाईंनी नोटा मोजल्या. सवयच ती. मोजू नका, असं मला म्हणायचं होतं.

“फिटलं रे बाबा,” सासूबाई फोनवर वाकून म्हणाल्या. “समदं फिटलं.”

पलीकडून एक म्हातारा आवाज आला, “आयेचं पन?”

“दोघांचं बी.”

तिनं फोन उचलून कानाला लावला आणि बोलत बोलत गल्लीतून निघून गेली. चहा तसाच राहिला. नोटा सासूबाईंच्या मांडीवर होत्या. आमच्या घरानं दिलेलं कर्ज पुरतं वसूल झालं होतं आणि मला मान वर करता येत नव्हती.