लांबून मोजणारे साडू

जगात जे जे फिरतं, त्याला ‘नेमकं किती फिरलास?’ असं विचारल्याशिवाय आमच्या थोरल्या साडूंनी कधी पुढे जाऊ दिलं नाही. बिबवेवाडीतल्या छोट्या गाळ्यात ते कोन मोजणारे सेन्सर बनवत. फिरत्या दांड्याच्या टोकाला बटणाएवढा लोहचुंबक चिकटवायचा, समोर सेन्सर धरायचा, की दांडा किती अंश फिरला ते पडद्यावर उमटतं. हा उद्योग गाळ्यापुरता राहिला असता तर ते साडू कसले? घरातला पंखा झाला, शिवणयंत्र झालं. एका होळीला त्यांनी पुरणयंत्राच्या दांड्यालाही चुंबक लावला आणि मेव्हणीबाईंना म्हणाले, ‘‘प्रत्येक फेरीत तुझा हात एकाच जागी अडखळतो.’’

‘‘त्या जागी तुम्ही उभे आहात,’’ त्या म्हणाल्या.

पुढे त्यांना पेसमेकर बसवला. डॉक्टरांनी बजावलं, चुंबक छातीजवळ आणायचा नाही. दुसरा कोणी गाळ्याला कुलूप लावून मोकळा झाला असता. यांनी शर्टाच्या खिशात एक सेन्सर ठेवला. चुंबक जवळ आला की तो शिट्टी मारी. मंडईत लाउडस्पीकर लावलेल्या गाड्यासमोर, स्पीकरातल्या चुंबकामुळे, ती वाजली, तेव्हा हे मागे सरकले आणि तिथूनच हात लांब करून मेथी मागू लागले. ‘‘काका, जवळ या की! भाजी चावत नाही,’’ भाजीवाली म्हणाली. ‘‘भाजी नाही हो, तुमचा आवाज चावतो!’’

मात्र गाळा सुटेना. ‘‘चुंबकाला हात लावायचा नाही, तर नुसतं जगून करू काय?’’ एवढं एकदाच म्हणाले, आणि त्यांचे हात म्हणून मला नेमलं. मी निवृत्त ग्रंथपाल. मी चुंबक चिकटवायचा, त्यांनी दारात उभं राहून ओरडायचं. चुंबक केसभर जरी सरकला, तरी पडद्यावरची सरळ रेघ लाटा मारी. ‘‘अहो ग्रंथपाल, मधोमध! पुस्तकावर शिक्का मारताय का?’’ कौतुकाने मी चुंबक हातात घेऊनच चार पावलं पुढे गेलो, की खिसा शिट्टी मारी आणि ते म्हणत, ‘‘लांब व्हा, लांब! प्रेम तिथूनच करा.’’

असे त्यांनी डॉक्टरांना न दुखावता कितीतरी सेन्सर पुरे केले. या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं. दवाखान्यातून निरोप आला तेव्हा मी गाळ्यातच होतो. तसाच त्यांच्या घरी गेलो. त्यांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. मी अगदी शेजारी जाऊन बसलो आणि मग ध्यानात आलं, माझ्या खिशात मूठभर चुंबक होते. अग्नीत फुटू नये म्हणून पेसमेकर दवाखान्यातच काढून घेतला होता. आता कशाचीच भीती नव्हती.

तरी मी हळूच मागे सरकलो.