वरच्या खोलीतले मास्तर

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये गुरुनाथ देवस्थळींना ओळखत नाही असा मराठी माणूस म्हणजे एक तर कालच विमानातून उतरलेला, नाही तर त्यांच्याशी भांडण असलेला. त्यातला दुसरा प्रकार अजून कोणाला सापडलेला नाही. औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत उभी हयात उंदरांना गोळ्या चारण्यात घालवल्यावर दोन हजार दोन साली कंपनीने त्यांच्या हातात एक पुठ्ठ्याचं खोकं दिलं आणि 'उद्यापासून येऊ नका' असं फार गोड शब्दांत सांगितलं. खोक्यात चहाचा मग आणि टेबलावरचा गणपती घालून ते घरी आले आणि बायकोला म्हणाले, "सुटले बिचारे उंदीर."

पुढचे काही महिने गुरुनाथांनी घर सुधारलं. मसाल्याचे डबे वर्णानुक्रमे लावले, त्यामुळे नंदाताईंना हळदीसाठी हिंगापलीकडे हात घालावा लागू लागला. गराजमधले खिळे लांबीप्रमाणे वेगळे केले. ते झाल्यावर नंदाताईंच्या फोडणीत लक्ष घालायला सुरुवात केली, तेव्हा मात्र त्या उठल्या, गाडी काढली आणि नवऱ्याला खासदारांच्या कचेरीत नेऊन सोडलं. पोराला बालवाडीत सोडतात तसं, मागे वळून न बघता.

खासदार म्हणजे हॉलिस ब्रँट. त्यांचं अर्धं आयुष्य वॉशिंग्टनला, पण मतदारांसाठी एक कचेरी इथे, एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर. कोणाची पेन्शन अडकलेली, कोणाच्या आईला व्हिसा मिळत नाही, कोणाचं ग्रीन कार्ड सरकारच्या पोटात गेलेलं, अशी माणसं तिथे येत. त्यात देशी माणसं पुष्कळ. गुरुनाथ आधी फुकट बसू लागले, मग थोड्या पगारावर. त्यांची कामाची पद्धत स्वतःची होती. आलेल्या माणसाला आधी ते गाव विचारत, मग गावातलं कोण कोण ओळखीचं निघतं ते बघत, आणि तो माणूस हसला की मग फाइल उघडत. कचेरीची मुख्य, कॅरन नावाची कामसू बाई, सुरुवातीला घड्याळाकडे बघायची. पुढे तिच्या लक्षात आलं की गुरुनाथांकडून गेलेला माणूस काम झालं नाही तरी आभार मानून जातो.

ब्रँट स्वतः उंच, शांत, आणि समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबणारे गृहस्थ. मराठी माणसाला हा गुण पहिल्यांदा आजारासारखा वाटतो. गुरुनाथांना सवय व्हायला वेळ लागला. मग मात्र ते या माणसावर जीव टाकू लागले.

त्या वर्षांत ब्रँट एका विधेयकाने झपाटले होते. आपल्या देशात जिवाला धोका आहे म्हणून जो माणूस इथे आश्रय मागतो, त्याला त्याच्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात ठेवत. गुन्हा काही नाही, पण अंगावर कैद्याचे कपडे आणि शेजारच्या कोठडीत मोटारचोर. ब्रँटचं म्हणणं साधं होतं. या माणसांना साध्या घरांत राहू द्या, त्यांना वकील द्या, आणि कोणाला किती दिवस कोंडायचं हे न्यायाधीशाला विचारा. लवकरच वॉशिंग्टनला समितीपुढे सुनावणी होती. त्याआधी त्यांनी इथल्या अधिकाऱ्यांना राजी केलं होतं की नमुन्यादाखल थोडी माणसं सोडा, त्यांना घर देणारी कुटुंबं मी शोधून देतो. घर मिळेल तो सुटेल. न मिळेल त्याला तुरुंगातल्या गर्दीमुळे दुसऱ्या राज्यात हलवतील. चर्चमधली मंडळी पुढे आली आणि एकेका नावापुढे घर लागू लागलं.

इथल्या तुरुंगात सापकोटा मास्तर होते. नेपाळातल्या डोंगरात गणित शिकवणारे, साठीला टेकलेले, बायको मागेच गेलेली. बंडखोरांनी त्यांच्याकडे वर्गातली मुलं लढायला मागितली. मास्तर नाही म्हणाले. मग शाळा जळली. वर लष्कराला संशय की हा मास्तर बंडखोरांचाच. दोन्हीकडून मरण आल्यावर ते निघाले आणि नूअर्कच्या विमानतळावर उतरून त्यांनी पहिल्याच अधिकाऱ्याला सगळं खरं खरं सांगितलं. त्यामुळे बेड्या पडल्या.

मास्तरांना इंग्रजी थोडं, हिंदी बरं, म्हणून ब्रँट गुरुनाथांना दुभाषा म्हणून घेऊन गेले. गुरुनाथांची हिंदी म्हणजे मराठीच्या शेपटीला 'है' बांधलेली. मास्तरांनी ती ऐकून घेतली आणि कितीतरी दिवसांनी हसले. तेव्हापासून दर शनिवारी गुरुनाथ एकटेच जाऊ लागले. मध्ये काच, दोन्हीकडे फोन. मास्तर विचारायचे, तुमच्या खिडकीतून काय दिसतं? गुरुनाथ सांगायचे, एक मेपलचं झाड, आणि शेजाऱ्यांचं उड्या मारायचं जाळं. त्यावर शेजारी स्वतःच उड्या मारतो, पोरं बघत बसतात. मास्तर काचेपलीकडे डोळे पुसत हसायचे.

एकदा नंदाताईही गेल्या. काय जेवता, असं त्यांनी विचारलं. पाव आणि उकडलेला बटाटा, मास्तर म्हणाले, छान असतो.  घरी आल्यावर नंदाताईंनी वरच्या मजल्यावरची खोली झाडायला घेतली. लेक गिरिजा नोकरीला टेक्सासात, प्लेनोला गेल्यापासून ती रिकामीच होती. भिंतीवरचे गिटारवाले उतरले, नवी रजई आली. नेपाळी लोक वाळवलेल्या पाल्याची भाजी करतात असं कुठून तरी कळलं, तशी त्यांनी परसात मेथी वाळत टाकली. ऑक्टोबरातल्या न्यू जर्सीचं ऊन. ती मेथी वाळण्याऐवजी रुसून बसली. नवरा-बायकोत 'मास्तरांना आणू या' असं एकदाही बोलणं झालं नाही. ते ठरलेलंच होतं. फक्त रीतीने विचारणा व्हायची होती.

ती झाली. एका दुपारी ब्रँट गुरुनाथांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गुरू, मिस्टर सापकोटांना तुम्ही आणि नंदा घरी ठेवाल का?"

गुरुनाथांच्या काळजाने उडी मारली. पण जिभेला लहानपणापासून वळण लावलेलं असतं, ते ऐन वेळी सुटत नाही. आपल्याकडे कोणी चहा विचारला तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. मंडळाचं अध्यक्षपद दिलं तर 'माझ्यापेक्षा योग्य माणसं आहेत' म्हणायचं. मग समोरच्याने 'असं कसं, तुम्हीच' म्हणायचं, आपण आणखी एकदा मान हलवायची, आणि तिसऱ्यांदा कप हातात घ्यायचा. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा माणूस अधाशी. आणि इथे तर पुण्याचं काम होतं, खासदारांच्या भाषणात नाव येण्यासारखं. त्यावर झडप कशी घालायची?

"छे छे," गुरुनाथ म्हणाले, "आमचं घर ते केवढं. आमच्यापेक्षा कितीतरी चांगली माणसं मिळतील तुम्हाला."

आणि दुसऱ्या विचारणेची वाट बघत त्यांनी मान खाली घातली.

ब्रँट नेहमीप्रमाणे बोलणं पुरं होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "अर्थात. मी तुम्हाला असं तोंडावर विचारायलाच नको होतं. माफ करा." त्यांनी गुरुनाथांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि ते आत गेले. त्यांच्या घरची शिकवण वेगळी. नाही म्हणणाऱ्याला पुन्हा विचारणं म्हणजे त्याला कोंडीत धरणं. दोघांनाही त्यांच्या आयांनी फार चांगलं वाढवलं होतं, आणि त्यातच मास्तर सापडले.

संध्याकाळी घरी ही बातमी कळली तेव्हा नंदाताईंचा चेहरा उजळला.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? नाही म्हटलं."

"बरोबर. मग?"

"मग ते आत गेले."

"कामात असतील," नंदाताई म्हणाल्या. "परत विचारतील उद्या." आणि त्यांनी रजईला खोळ घालायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ब्रँटनी विचारलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. गुरुनाथ त्यांच्या दारावरून उगीचच ये-जा करू लागले. एकदा म्हणाले, मुलगी गेल्यापासून आमची वरची खोली रिकामी असते. ब्रँट कळवळून म्हणाले, सुनं वाटत असेल ना. आणखी एकदा गुरुनाथांनी आपल्या घरी साधं भात-वरण असतं, कोणालाही चालेल असं, हा विषय काढला. ब्रँटना वाटलं, जेवायला बोलावताहेत. त्यांनी सुनावणीनंतर नक्की येतो म्हणून सांगितलं. मास्तरांचा विषय ते कटाक्षाने टाळत होते. नकार दिलेल्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू.

गिरिजाचा प्लेनोहून फोन आला तेव्हा आईने तिला कौतुकाने हकिगत सांगितली. तिने बाबांना फोनवर बोलावलं. मग ती म्हणाली, "बाबा, यू सेड नो. ही वोन्ट आस्क अगेन. एव्हर."

हे इतक्या वर्षांत गुरुनाथांना माहीत नव्हतं असं नाही. प्रयोगशाळेत गोऱ्या साहेबाने कॉफी विचारली की ते पहिल्याच झटक्याला हो म्हणत. पण कॉफी वेगळी. जिथे जीव गुंतलेला असतो तिथे माणूस आपल्या आईच्या भाषेतच वागतो.

सकाळी ते धावतच कचेरीत गेले. ब्रँट वॉशिंग्टनला गेले होते. कॅरनला त्यांनी सगळं सांगितलं. ती आधी गोंधळली. "पण गुरू, तुम्ही तर नाही म्हणाला होता," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग तिने फोन उचलला, ब्रँटना गाठलं, ब्रँटनी अधिकाऱ्यांना गाठलं. उत्तर दुपारी आलं. ज्याच्या नावापुढे घर लागलं नव्हतं असा एकच माणूस उरला होता. त्याला टेक्सासमधल्या कुठल्याशा तुरुंगात हलवलं होतं. तिथलं कार्यालय निराळं, तिथे इथला करार लागू नाही. ब्रँटनी पत्रं पाठवली, फोन केले, स्वतः जाऊन भेटले. 'नियमात बसत नाही,' एवढंच कळलं.

सुनावणीच्या दिवशी कचेरीतल्या सगळ्यांनी टीव्हीवर ब्रँटचं भाषण बघितलं. सुरेख बोलले. घरं मिळालेली माणसं कशी राहताहेत ते सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, एका वृद्ध शिक्षकासाठी मात्र आमच्या साऱ्या मतदारसंघात एक घर वेळेत मिळालं नाही; त्याचा दोष कोणा कुटुंबावर नाही, माणसाचं नशीब कोणाच्या तरी रिकाम्या खोलीवर टांगून ठेवणाऱ्या कायद्यावर आहे. कचेरीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुनाथही वाजवत होते. बाकीचे थांबले तरी ते थांबेनात, तेव्हा कॅरनने त्यांचे हात धरले.

विधेयक समितीतच राहिलं आणि अधिवेशनाबरोबर संपलं. ब्रँटनी पुढच्या वेळी ते पुन्हा मांडलं, ते पुन्हा संपलं.

मास्तरांचा फोन आला तो सुनावणीनंतरच्या मार्चमध्ये, एका रविवारी. टेक्सासच्या तुरुंगातून बोलत होते; आवाज बारीक झाला होता. ते म्हणाले, खटला मागे घेतलाय, परत जातो. मरायचंच तर डोंगर तरी दिसेल. निघण्यापूर्वी वाटलं, देवस्थळीजींशी बोलावं.

 इतके महिने जे बोलायचं होतं ते गुरुनाथांनी एका दमात, आपल्या त्या मोडक्या हिंदीत सांगून टाकलं. "मास्तर, मला तुम्हाला घरी आणायचं होतं. नंदाने खोली लावली होती तुमच्यासाठी. मी नाही म्हटलं ते नुसतं रीतीचं. खरं नाही."

पलीकडे मास्तर हसले. अगदी मायेने.

"देवस्थळीजी, तुम्ही मोठ्या मनाचे. आमच्याकडेही पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून असंच म्हणतात. चर्चच्या वकिलांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, तुम्हाला जमत नाही म्हणून. परक्या माणसाला कोण घरात घेईल? मला जराही राग नाही."

"नाही मास्तर. खरंच."

"हो हो, खरंच," मास्तर म्हणाले, लहान मुलाची समजूत घालावी तसं. "भाभींना नमस्कार सांगा. तुम्ही दर शनिवारी येत होता, तेच खूप झालं."

गुरुनाथ आणखी काही म्हणणार, तोच बोलायची वेळ संपल्याची सूचना वाजली आणि फोन बंद झाला.

नंदाताई जिन्याशी उभ्या होत्या. "काय म्हणाले मास्तर?" त्यांनी विचारलं.

गुरुनाथांनी फोन जागेवर ठेवला.

"आभार मानले," ते म्हणाले.