आपांची सकाळची शाळा

“बसा बाई, गाडी चावत न्हाई!” असं म्हणत आपा स्कूटीच्या सीटवर थाप मारायच्या.

लातूरच्या आमच्या कॉलनीमागच्या मैदानात त्या रोज सकाळी बायकांना गाडी शिकवायच्या. अंगात काळा बुरखा, तोंडावर नकाब आणि पायात पांढरेशुभ्र बूट. शिकणारीच्या मागं पळताना त्यांचा बुरखा वाऱ्यानं फुगायचा आणि आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. “रेस सोडा! सोडा म्हन्ते मी! त्या बाभळीनं काय केलंय तुमचं?”

बाभळीनं काही केलं नव्हतं. तरी मी तिच्यावर जाऊन आदळायचेच.

मी शिकवते ती शाळा रेणापूरच्या पुढं, फाट्यावरून बरीच आत. रोज नवरा सोडायचा. त्याची नांदेडला बदली झाली आणि चाळिशी उलटल्यावर मला गाडी शिकणं भाग पडलं. नाहीतर नोकरी सोडून त्याच्यामागं जायचं. सासूबाईंचं मत नांदेडच्या बाजूनं होतं. त्यात शिकवणारी नकाबवाली आहे हे कळल्यावर तर त्या उखडल्याच. “तोंड न दाखवणाऱ्या बाईच्या हाती जीव द्यायचा? उद्या पाडलं तर ओळखायचं कुणाला?”

मी हे आपांना सांगून टाकलं. वाटलं, रागावतील. त्या एवढ्या हसल्या की नकाब फडफडला. “सांगा त्यान्ला, पडनार तुम्ही. मी कशाला पळून जाऊ?”

तुम्हाला आत्ता जो प्रश्न पडलाय तो मलाही पडला होता. एकदा धीर करून विचारलं, “नवरा सांगतो म्हणून घालता का हो?”

“आमचे मियाँ? ते तर म्हन्तात काढ, फोटोत कळत न्हाई कोन हाय. मी म्हन्लं, फोटोसाठी निकाह केला व्हता का? मला बरं वाटतं, मी घालते. माझी लहान बहीण न्हाई घालत. ईदला आम्ही दोघी यावरून लई भांडतो, आन मग शेजारी बसून शीरखुर्मा खातो.”

पण सगळ्याच सकाळी अशा हसत जात नसत. एकदा एक गृहस्थ मुलीला मोटारसायकलवर मागं बसवून मैदानात आले. आपांना पाहिलं आणि न थांबताच गाडी वळवली. “चल, दुसरीकडं बघू. असल्या बाईकडं नको,” हे आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. माझ्या स्कूटीचा आरसा स्वच्छ होता, तरी आपा तो पुसत बसल्या. पुसता पुसताच म्हणाल्या, “शिकली असती पोरगी. मागं बसून बी तोल चांगला धरला व्हता तिनं.”

मी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या आधी तयार होऊन मैदानात आल्या आणि दगडावर परीक्षकासारख्या बसल्या. ऊन चढलं. आपांचा आवाज बसत आला, तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

“पानी पी गं. कवापासून ओरडून राहिलीस.”

आपांनी बाटली घेतली, पाठ फिरवली आणि नकाबाखालून घोट घेतला.

“माझ्याकडं पाठ कशाला करतीस? मी काय गडीमानूस हाय?”

आपांनी चहूकडं पाहिलं. मैदानात आम्ही बायकाच होतो. त्या वळल्या आणि नकाब वर केला. घामेजलेला, गोल, तिशीतला चेहरा. सासूबाई बघतच राहिल्या.

“अगं बया, लेकरूच की तू! आवाजावरून वाटलं, माझ्या वयाची असशील.” मग म्हणाल्या, “माझा बी पदर सासऱ्यासमोर नाकापर्यंत असायचा. जीव घाबरा व्हायचा.”

“मग काय करायच्या, आजी?”

“काय करनार? आतून जीभ काढून दाखवायचे त्यान्ला!”

आपा आधी थक्क झाल्या आणि मग पोट धरून खाली बसल्या. “आजी, मी बी! काल त्या मोटारसायकलवाल्याला चांगली लांब काढली व्हती!”

त्या दोघी एवढ्या हसत होत्या की मी एकटीच गाडी चालवत मैदानाला पूर्ण चक्कर मारून आले, ते दोघींनाही दिसलं नाही.

शाळेत पहिल्यांदा गाडीवर गेले, तेव्हा आपा स्वतःच्या गाडीवर मागं होत्या. मी फाट्यावरून आत वळले आणि पोरं “बाई गाडीवर आल्या!” म्हणत धावत सुटली. आपांनी लांबूनच हॉर्न वाजवला आणि तशाच माघारी गेल्या. माझी नोकरी राहिली.

पुढं आपांच्या मियाँनी नांदेडजवळ अर्धापूरला केळीचा व्यापार सुरू केला आणि त्या तिकडं गेल्या. आमचं मैदान सकाळचं आता अगदी मुकं असतं. परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडंही वर्ग सुरू झालाय म्हणे. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

“तोंड दाखव गं, लई दिवस झाले.”

“आजी, हितं गडी हायेत. पोरींना सोडायला आलेत.”

“मग ऱ्हाऊ दे. डोळे दिसले तुझे, बास.”

एवढ्यात तिकडं कुणाची तरी गाडी भलतीकडं निघाली असावी. आपा ओरडत धावल्या, फोन बहुधा हातातून पडला. पडद्यावर नुसतं अर्धापूरचं आभाळ दिसत होतं, लांबून त्यांचा आवाज येत होता, आणि सासूबाई काही केल्या फोन बंद करू देईनात.