मामासाठी घेतलेली टॉवेल-टोपी

माझ्या नातवाच्या अंगावर निळे डाग दिसायला लागले तेव्हा पहिला संशय मी सुनेवर, मनीषावर घेतला. हे लिहायला लाज वाटते, पण देवाची गोष्ट सांगायची आणि आपली चूक झाकायची, हे काही जमायचं नाही. शिवांश तेव्हा नुकता रांगायला लागला होता. गुडघ्यावर डाग, दंडावर डाग, कडेवर उचलून घेतलं तरी बरगड्यांवर बोटांचे डाग. एकदा ओठ फुटला तर दोन दिवस रक्त झिरपत राहिलं. दवाखान्यातून मलम आणलं, देवऋष्यानं काळा दोरा बांधला, आणि मी मनीषाच्या हातांकडे बघायला लागले. वडवणीत आमचं कटलरीचं छोटं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी दुकान उघडं टाकून घरी जाऊन डोकवायची, ही पोराला चिमटे तर काढत नाही ना म्हणून. तिला ते कळत होतं. ती काही बोलायची नाही, आणि तिच्या न बोलण्यानं माझा संशय वाढायचा.

त्यात भर म्हणजे ती पोराचे कान टोचू देईना. बारशाला म्हणाली, त्याचं अंग कोमट लागतंय. पुढं म्हणाली, उन्हाळा जाऊ द्या. मी सोनाराला दोनदा बोलावून दोनदा माघारी लावलं. "तुमच्या माहेरात कान टोचायची रीत न्हाई का?" असं मी तिला शेजारणीसमोर विचारलं. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. आमचे हे होते तोवर म्हणायचे, बांगड्या कशाला विकतेस, मिरच्या विक. मनीषा मान खाली घालून भाकरी थापत राहिली. तिला एक भाऊ होता, तो लहानपणी तापानं गेला, एवढंच आम्हाला सोयरिकीच्या वेळी सांगितलं होतं.

धर्मापुरीचा महादेव आमच्या घरात सासऱ्यांपासून मानलेला. मी त्याला नवस बोलले होते, पोराच्या अंगावरचे डाग जाऊ दे, जावळ तुझ्या दारात काढीन. डाग गेले नाहीत, वाढले. तेव्हा मला वाटलं, आपणच उशीर लावतोय, म्हणून देव रागावलाय. मग मी कुणाचं ऐकलं नाही. सोमवार धरला, जीप ठरवली, मामाला द्यायला टॉवेल-टोपी घेतली. आमच्यात जावळ मामाच्या मांडीवर काढतात आणि मामाला टॉवेल-टोपीचा आहेर करतात. सख्खा मामा नव्हता म्हणून मनीषाचा चुलतभाऊ यायचा होता, त्याला ऐन वेळी जमलं नाही. आदल्या दिवशी शिवांश उंबऱ्यावर आपटला आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. माझा मुलगा म्हणाला, आई, पुढच्या सोमवारी जाऊ. मी म्हणाले, देवाला तारखा देत बसायचं नसतं.

देवळाबाहेर झाडाखाली जावळं काढणारा एक कारागीर बसला होता. पन्नाशीचा माणूस, दगडूभाऊ नाव. त्यानं धोकटी उघडली, वाटीत पाणी घेतलं, वस्तरा पुसला आणि सवयीनं विचारलं, "मामा कुठंय?"

"मामा न्हाई," मी म्हणाले. "लहानपणीच वारला. मी घेते मांडीवर, तुमी सुरू करा."

त्यानं शिवांशचं डोकं भिजवलं. भिजवता भिजवता त्याचा हात टेंगळावर थांबला. मग त्यानं झबलं वर करून पाठ बघितली, गुडघे बघितले. माझ्याकडं न बघता त्यानं मनीषाला विचारलं, "ताई, मामा कशानं गेला?"

"तापानं," ती म्हणाली.

"नक्की?"

मनीषा वस्तऱ्याकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "कान टोचलते त्याचे. रक्त थांबलंच न्हाई. आईनं शपथ घातलती, सासरी बोलायचं न्हाई म्हणून." आणि ती तिथंच मटकन खाली बसून रडायला लागली.

दगडूभाऊनं वस्तरा मिटला. मला अजून तो मिटल्याचा आवाज आठवतो. मी भडकले. म्हणाले, नवसाचं जावळ हाय, तुमी तुमचं काम करा, न्हाईतर दुसरा माणूस बघते. तो शांत होता. "कावून घाई करता, आई? देव कुठं पळून चाललाय? वस्तरा माझा हाय, मी लावणार न्हाई. माझ्या बहिणीच्या पोराला मीच लावलता. जरा खरचटलं, तर तीन दिवस रक्त चालू होतं. वाचलं पोरगं, आता आयटीआयला हाय. पण मी ते तीन दिवस बघितलेत."

मी तणतणत गाभाऱ्यात गेले. पिंडीवर अभिषेकाचं पाणी थेंब थेंब गळत होतं. मी विचारलं, देवा, तुझ्या दारातून नवस न फेडता माघारी जाऊ का? काही झालं नाही. बेल पडला नाही, घंटा वाजली नाही. मी उभी राहिले, आणि हळूहळू माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, की बाहेर बसलेला माणूस 'मामा कुठंय' एवढं विचारता झाला आणि दीड वर्ष माझ्या घरात दडलेलं दुखणं बाहेर पडलं. मला ते इतक्या दिवसांत विचारावंसं वाटलं नव्हतं. मी फक्त रागे भरत होते. डोळ्यांना पाणी आलं. नारळ तसाच ठेवून बाहेर आले.

दगडूभाऊनं धोकटी आवरली होती. समोर दोन गिऱ्हाइकं थांबलेली असताना तो आमच्या जीपमध्ये पुढं बसला. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात कुठं जायचं, कुणाला भेटायचं, त्याला माहीत होतं. रस्ताभर तो ड्रायव्हरला सांगत होता, खड्डे चुकव, लेकरू हाय. शिवांशला त्याच दिवशी भरती करून घेतलं. डोक्याचा फोटो काढला, आत काही नव्हतं. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, हिमोफिलिया. रक्त गोठवणारा एक घटक पोराच्या अंगात जन्मापासून कमी आहे. तो इंजेक्शननं देता येतो, सरकारी दवाखान्यात मिळतो, आणि नीट जपलं तर पोरगं शाळेत जाईल, मोठं होईल. वस्तरा लागला असता तर मात्र अवघड होतं, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं की हा आजार आईकडून मुलाला येतो, आईला स्वतःला सहसा फारसा त्रास होत नाही. मनीषानं माझ्याकडं बघितलं. ती काय ऐकायला तयार होऊन बसली होती, ते मला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलायच्या आधी थांबले. मग म्हणाले, "डॉक्टरबाई, माझ्याकडून त्याला तापट डोकं आलंय, त्याला काही इंजेक्शन हाय का?" त्या हसल्या. मनीषा हसता हसता रडायला लागली. संध्याकाळी वॉर्डात मी तिला म्हणाले, "चुकलं माझं. मी तुझ्या हातांवर संशय घेतला." झोपलेला शिवांश उचलून तिनं माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आत्याबाई, मी जरा चहा घेऊन येते." पोराला माझ्याजवळ एकटं सोडून जायची ती पहिलीच वेळ होती.

काळजी सरली असं नाही. आता घरातल्या उंबऱ्याला रबर लावलंय, पलंगाच्या कोपऱ्यांना चिंध्या गुंडाळल्यात, इंजेक्शनच्या तारखा दुकानातल्या कॅलेंडरवर लिहिल्यात. मनीषाच्या आईला मी बोलावून घेतलं. ती माऊली वीस वर्षं 'देवीचा कोप' म्हणत स्वतःला कोसत होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं तेव्हा ती फक्त एवढंच विचारत राहिली, म्हणजे माझ्या हातून काही झालं नव्हतं ना. मनीषाच्या धाकट्या बहिणीचीही तपासणी करून घेतली. तिला पुढं लग्नाच्या, बाळंतपणाच्या वेळी काय काय विचारायचं आणि सांगायचं ते आता माहीत आहे, आणि लपवायचं काही राहिलं नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टरांना विचारून, इंजेक्शन देऊन, आम्ही पुन्हा धर्मापुरीला गेलो. जावळ मशीननं काढायचं ठरलं होतं. दगडूभाऊ आम्हाला बघून उठला, पण मशीन त्यानं शेजारच्या कारागिराच्या हातात दिलं. मला कळेना. मी विचारणार तेवढ्यात तो पायरीवर मांडी घालून बसला, हात पुढं केले आणि म्हणाला, "आणा भाच्याला इकडं."

मी पिशवीत हात घातला. गेल्या वर्षी घेतलेली टॉवेल-टोपी घडी न मोडता तशीच होती. ती मी मनीषाच्या हातात दिली. द्यायचा मान तिचा होता.