शालिकभाऊचं तोंड आणि गळा

शालिकभाऊ स्टेजवर चढला की परका व्हायचा. खाली असताना "अबे, ढोलकीले ऊन दाखवलं का नाई?" म्हणून माझ्यावर खेकसणारा हाच माणूस माइकसमोर इतकं शुद्ध, घोटीव गायचा की नवखे लोक विचारत, गायक पुण्याहून आणला काय! ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात आम्ही दोघं एकाच पाळीत. विहारातल्या कार्यक्रमांना वीस वर्षं मी त्याच्या मागे बसून ढोलकी वाजवली. आता बोटं दुखतात, आणि खरं सांगायचं तर मनही थकलंय.

एकदा मी डिवचलं, "भाऊ, गाताना तुह्यी बोली कुठी जाते?"

"मी काई मुद्दाम नाई करून राह्यलो बाप्पा. गानं शिकलो कॅसेटीवरून. जसं आइकलं तसं बसलं. तोंड सावलीचं, गळा कॅसेटीचा!"

सावली हे त्याचं गाव; त्याची माय तिथंच राहायची. धान रोवताना बायांच्या रांगेत पहिला सूर तिचा. म्हातारपणी डोळे गेले, आठवणही विरली. लेकाला ती फक्त आवाजावरून ओळखायची. शेवटी शेवटी तिनं एकच धोशा लावला, "माह्यं रोवन्याचं गानं मले एकडाव म्हनून दाखव."

शालिकभाऊनं महिनाभर ते घोकलं. कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. नुसते शब्द बोलला की हुबेहूब माय. सूर लागला की मात्र कॅसेटीचा गळा. "कोन गाऊन राह्यलं बे माह्या तोंडातून?" असं म्हणून स्वतःवरच चिडायचा.

एका रविवारी दुपारी मला ढोलकीसकट घेऊन तो सावलीला गेला. मायच्या खाटेशी बसून गायला. सुंदर गायला, पण तसाच, स्टेजवरचा. मायनं हात जोडले.

"लय बेस गायले जी. कोन्या गावचे तुमी?"

माझी ढोलकी थांबली. त्याच्याकडे मला बघवेना.

"माय, मी शालिक," तो म्हणाला.

"आला का बाप्पा!" तिनं चाचपडत त्याचं तोंड धरलं. "उशीर केला ना. आत्ताच एक भाऊ माह्यं गानं गाऊन गेला. तू आइकाले पायजे होता."

"आइकलो माय. चांगला गात होता."

दीड महिन्यानं ती गेली. तोवर दर सुट्टीला तो तिच्याजवळ बसून नुसता बोलत राहायचा. पावसाचं, शेजाऱ्यांचं, काहीबाही. गायला मात्र पुन्हा कुठेच नाही. मी भांडलो, विनवण्या केल्या. त्यानं एकदाच उत्तर दिलं.

"बोललो तं माय ओळखत होती बे."