निलंबित देशाची खुर्ची

सभागृहातल्या खुर्च्या पुसणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. तोंडाने फटकळ, कामाला चोख. एक साम्राज्य मोडलं आणि त्याच्या जुन्या मुलखांनी मिळून राष्ट्रकुल काढलं. त्यांची बैठक इथल्या गोल टेबलाभोवती भरे. मावशीचं मत विचाराल तर, "एकत्र घर फुटल्यावर भावंडांनी जेवायला जमायचं आणि एकमेकांच्या नावाने खडे फोडायचे, तसलं हे!"

त्यातल्याच एका देशात तिचा मुलगा वायरमन होता. तिथे लष्कराने सरकार उलथवलं, फोन मुके झाले, मुलाचा ठावठिकाणा लागेना. इकडे राष्ट्रकुलाने त्या देशाला निलंबित केलं. निलंबित देशाची खुर्ची काढायची आणि बाकीच्या सरकवून फट बुजवायची, असा रिवाज.

मावशीने चालढकल केली. कारण रोज सकाळी कुलूप काढून ती आत जाई, तर त्याच खुर्चीची गादी डावीकडे दबलेली असे, आणि उबदार. तिचा मुलगा लहानपणापासून तसाच डावीकडे कलून बसे. "खुर्ची आहे की पलंग?" म्हणत तिने किती धपाटे घातले असतील! ऊब आहे म्हणजे पोरगा जिवंत आहे, हे तिने मनाशी घट्ट धरलं. खुर्ची गेली की तेही जाणार.

बैठकीच्या सकाळी व्यवस्थापक ओरडतच आला. "मावशी, ही अजून इथेच? पाहुणे दारात आलेत!"

"मग उचला ना. हातांना मेंदी लावलीय का?"

त्याने ओढली. हलेना. शिपाई मदतीला आला; दोघांनी जोर लावला, तसे खुर्चीचे पाय गालिच्यात आणखीच रुतले.

शिपायाने हात सोडले. "साहेब, हिच्यात कुणीतरी बसलंय."

"सकाळी सकाळीच चढवलीस का रे?"

मावशीने गादीवर हात ठेवला. गादी दबलेलीच होती, पण आज बर्फासारखी गार. जे कळायचं ते तिला कळलं. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "ऊठ रे. लोकांना बसायचंय. चल माझ्याबरोबर."

गादी हळूहळू वर आली. मावशीने एका हाताने खुर्ची उचलली आणि कोठीत नेऊन ठेवली.

परतताना ती भिंतीला चिकटून चालत होती, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. समोरून शिपाई आला आणि त्या जागेतून जाऊ लागला.

"बाजूने जा," मावशी खेकसली. "दिसत नाही का?"